हे घर कोणाचे?

काही कज्जे न्यायालयात सुटतात, काही सुटत नाहीत. शेताचा बांध, सामाईक विहिरीचे पाणी, वडिलांनी मागे ठेवलेले दोन खणांचे घर यांविषयीचे भांडण कितीही चिघळले, तरी अखेर कोणी तरी न्यायाधीश कागदपत्रे पाहून निकाल देतो आणि हरलेला पक्ष कपाळाला हात लावून घरी जातो. परंतु सुराची मालकी कोणाची, हा कज्जा कोणत्या न्यायासनापुढे न्यावा? ज्याला तो सुचला त्याची, ज्याने पैसे मोजून तो लिहवून घेतला त्याची, की ज्याची बोटे झिजल्यावाचून तो कोणाच्याही कानी पडणार नाही त्याची? वरवर पाहता हा प्रश्न गाणाऱ्या-वाजविणाऱ्यांचा वाटतो. पण दुसऱ्याने निर्माण केलेली वस्तू ज्याच्या हातून तिसऱ्याकडे पोचते, त्या प्रत्येकाचा तो प्रश्न आहे. नटाचा आहे, भाषांतरकाराचा आहे, कीर्तनकाराचा आहे, आणि माझ्यासारख्या शाळामास्तराचाही आहे.

या प्रश्नाची एक खरीखुरी हकीकत युरोपच्या संगीताच्या इतिहासात घडून गेली आहे. एखाद्या कादंबरीकाराने ती कल्पनेने रचली असती, तर योगायोग फार झाले म्हणून टीकाकारांनी त्याला धारेवर धरले असते. दिवाळीच्या फराळाबरोबर वाचकांनी ती चाखून पाहावी. थोडी तिखट आहे. पण चिवड्यात एखादी मिरची दाताखाली यायचीच.

पॉल विट्गेन्श्टाइन हा व्हिएन्ना शहरातल्या एका पोलादसम्राटाचा मुलगा. जन्म १८८७ चा. त्याचा धाकटा भाऊ लुडविग पुढे तत्त्वज्ञ म्हणून जगप्रसिद्ध झाला. पॉलने आपले आयुष्य पियानोला वाहिले होते. १९१३ च्या डिसेंबरात त्याने व्हिएन्नाच्या रसिकांपुढे पहिला जाहीर कार्यक्रम केला. पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटले. ऑगस्ट महिन्यातच त्याच्या उजव्या कोपरात गोळी घुसली, हात कापावा लागला, आणि त्याच सुमारास तो रशियनांच्या कैदेत सापडला. पियानो वाजविणाऱ्याचा उजवा हात जावा, यापरता क्रूर विनोद दैवाला कोणता सुचणार? पण हा गडी निराळ्या मातीचा होता. सायबेरियात ओम्स्कच्या बंदिवासात त्याने एका लाकडी खोक्यावर कोळशाने पियानोच्या पट्ट्या रेखाटल्या, आणि त्या मुक्या लाकडावर तो डाव्या हाताची पाच बोटे तासन् तास चालवीत राहिला. ऐकू काही येत नव्हते. जे काही वाजत होते ते त्याच्या मनात.

१९१५ साली कैद्यांच्या अदलाबदलीत तो घरी परतला. योझेफ लाबोर या अंध संगीतकाराने केवळ डाव्या हातासाठी रचलेली कृती वाद्यवृंदासह वाजवून १९१६ च्या अखेरीस त्याने व्हिएन्नाच्या व्यासपीठावर पुन्हा पाऊल ठेवले. पुढे वडिलांची संपत्ती त्याने एका विलक्षण कामाला लावली. युरोपातल्या नामवंत संगीतकारांना भरघोस मोबदला देऊन तो म्हणू लागला, माझ्या एका हातासाठी लिहा. रिखार्ड श्ट्राउसने लिहिले, कोर्नगोल्डने लिहिले, हिंडेमिटने लिहिले, प्रोकोफिएफने लिहिले, पुढे तरुण बेंजामिन ब्रिटननेही लिहिले. आणि १९२९-३० या काळात फ्रान्सच्या मोरीस राव्हेलने लिहिले.

कॉन्चेर्टो या प्रकारात एका बाजूला एकटा वादक असतो आणि दुसऱ्या बाजूला साठ-सत्तर जणांचा वाद्यवृंद. दोन्ही हात शाबूत असलेल्या वादकालाही त्या सागरातून आपली होडी बाहेर काढताना दम लागतो. राव्हेलने ठरविले की एकाच हाताने वाजणारे हे संगीत ऐकताना श्रोत्याला दुसऱ्या हाताची उणीव भासता कामा नये. त्याचा आरंभच अंधारातून होतो. डबल बेसची अस्पष्ट कुजबुज, तिच्यावर काँट्राबसून या खर्जातल्या अवजड वाद्याचा घोगरा स्वर, आणि मग हळूहळू सगळा वृंद पहाटेसारखा उजळत जातो. वृंद थांबला की एकटा डावा हात पियानोच्या तळापासून वर चढू लागतो. त्याच हाताने खालचा खर्ज धरायचा, मधले सूर भरायचे आणि वरची चालही गायची. डाव्या हाताचा अंगठा पट्ट्यांवर वरच्या सुरांच्या बाजूला येतो; तेव्हा चाल गाण्याचे काम अंगठ्याकडे आणि संसाराचा बाकी सारा भार उरलेल्या चार बोटांकडे. पायाखालच्या पट्टीने खालचा सूर लांबवून ठेवायचा आणि तो विरण्यापूर्वी हाताने दोन-तीन हात अंतरावर झेप घेऊन परत यायचे. मध्येच जॅझच्या ठेक्यावर कवाईत सुरू होते, आणि अखेरीस पुन्हा एकट्या हाताची दीर्घ कसोटी. सगळा मामला वीस मिनिटांच्या आतला. पण त्यासाठी वर्षानुवर्षांची तालीम.

५ जानेवारी १९३२ रोजी व्हिएन्नात विट्गेन्श्टाइनने ही रचना प्रथम वाजविली. राव्हेल त्या दिवशी तेथे नव्हता. त्यानंतर थोड्याच दिवसांनी तो व्हिएन्नाला आला आणि विट्गेन्श्टाइनच्याच घरी, मेजवानीच्या रात्री, त्याने आपली कृती ऐकली. त्याच्याबरोबर आलेल्या मार्गरीत लाँग या पियानोवादिकेने तो प्रसंग लिहून ठेवला आहे. यजमानाने रचनेत मन मानेल तसे फेरफार केले होते. कोठे सूर बदलले होते, तर कोठे वाद्यवृंदाच्या वाट्याची ओळ स्वतःच्या हातात घेतली होती. संतापलेला राव्हेल त्याच्यापाशी गेला आणि हे मी लिहिलेले नव्हे, असे त्याने सुनावले. विट्गेन्श्टाइनचे म्हणणे असे, की मी जुना वादक आहे, तुमचे लिहिलेले नीट वाजत नाही. राव्हेलचे उत्तर असे, की मी वाद्यवृंदासाठी लिहिणारा जुना माणूस आहे, ते नीट वाजते. पुढे पत्रव्यवहार झाला. यापुढे लिहिल्याबरहुकूम वाजवीन असे लेखी वचन राव्हेलने मागितले. वादक म्हणजे काही गुलाम नव्हेत, असे विट्गेन्श्टाइनने कळविले. राव्हेलने उलट कळविले की वादक हे गुलामच होत.

येथे आपला मराठी वाचक चटकन् विट्गेन्श्टाइनच्या बाजूने उभा राहील, आणि त्याला कारणही आहे. आपला गवई बंदिशीच्या चार ओळी घेतो आणि तासभर त्यांवर आपला महाल उभारतो. बंदीश कोणी रचली हे कित्येकदा श्रोत्यांना ठाऊकही नसते. ती जशीच्या तशी म्हणून गवई उठून गेला, तर लोक त्याला चुकलेला समजतील. अशा परंपरेत कान तयार झालेल्या माणसाला राव्हेलचा तो शब्द कानशिलात मारल्यासारखा वाटतो. शिवाय विट्गेन्श्टाइनच्या बाजूने माणुसकीचाही मोठा पुरावा आहे. तो नसता तर ही रचना जन्मालाच आली नसती. पैसा त्याचा, मागणी त्याची, आणि ज्या तुटलेल्या हातापायी हे सारे घडले तो हातही त्याचाच. ज्याने खोक्यावर कोळशाच्या पट्ट्या ओढून सुरांचा ध्यास टिकविला, त्याला गुलाम म्हणण्याचा अधिकार कोणाला पोचतो?

शिवाय राव्हेलचे हातही याबाबतीत अगदी कोरे नव्हते. मुसोर्ग्स्की या रशियन संगीतकाराने केवळ पियानोसाठी रचलेल्या ‘चित्रप्रदर्शनातील चित्रे’ या कृतीला १९२२ साली राव्हेलनेच पूर्ण वाद्यवृंदाचा साज चढविला आणि तिच्यातला एक छोटासा भाग गाळूनही टाकला. मुसोर्ग्स्की १८८१ मध्येच वारला होता. त्याची संमती कोण विचारणार? मग दुसऱ्याच्या कृतीला हात लावणे तेव्हा क्षम्य आणि आता गुन्हा, हा कोणता न्याय?

मी बराच विचार केला तेव्हा मला त्यात एक भेद दिसला. राव्हेलने जे केले ते उघड्यावर केले. हे मुसोर्ग्स्कीचे, वाद्यवृंदाचा साज माझा, असे सांगून केले. आणि मूळ पियानोची कृती होती तशीच राहिली. आजही कोणीही ती मुळाबरहुकूम वाजवू शकतो. व्हिएन्नातल्या श्रोत्यांना मात्र हे राव्हेलचे म्हणून जे ऐकविले गेले, ते सगळे राव्हेलचे नव्हते. आणि मूळ कोणते हे त्यांना ताडूनही पाहता येत नव्हते, कारण काही वर्षे ती रचना वाजविण्याचा हक्क एकट्या विट्गेन्श्टाइनकडेच होता. आपल्या गवयाचे स्वातंत्र्य चोरटे नसते. तो आणि त्याचा श्रोता यांच्यात आधीपासून ठरलेले असते की बंदीश ही वाटेची सुरुवात आहे, पुढचा प्रवास गवयाचा. जेथे असा करार नाही, तेथे तेच स्वातंत्र्य परक्याच्या सहीखाली आपला मजकूर घुसडण्यासारखे होते.

दुसरीही एक गोष्ट आहे, आणि ती मला अधिक महत्त्वाची वाटते. या भांडणात आपण दोघांकडेच पाहतो. मागे बसलेल्या साठ-सत्तर माणसांकडे कोणाचे लक्ष जात नाही. काँट्राबसून वाजविणारा माणूस वृंदाच्या मागल्या रांगेत बसतो. वर्षाचे बारा महिने त्याचे काम म्हणजे इतरांच्या सुराखाली पाया घालणे. पाया कोणी पाहत नाही. राव्हेलने आपल्या रचनेचे पहिले बोलणे या माणसाच्या तोंडी घातले. वाद्यवृंदाच्या वाट्याची ओळ जेव्हा मुख्य वादक उचलून स्वतःकडे घेतो, तेव्हा तो काही केवळ पॅरिसमध्ये बसलेल्या रचनाकाराचे घेत नसतो. त्याच मंचावर, हातभर अंतरावर, आपल्या पाळीची वाट पाहत बसलेल्या कोणा वादकाचे घेत असतो. स्वातंत्र्याची पारख करण्याची माझी साधी कसोटी हीच आहे. त्याची किंमत कोण देतो? गवयाच्या तानेची किंमत गवई स्वतःच्या छातीने देतो. विट्गेन्श्टाइनच्या फेरफाराची किंमत दुसरेच देत होते.

तरीही गुलाम हा शब्द मला मान्य नाही. गुलामाला नकार देता येत नाही, वादकाला येतो. प्रोकोफिएफने १९३१ साली आपला चौथा कॉन्चेर्टो विट्गेन्श्टाइनला पाठविला, तेव्हा यातले मला काही उमगत नाही, मी हा वाजविणार नाही, असे त्याने स्पष्ट कळविले. यात मला काहीही वावगे दिसत नाही. उलट न उमगलेले उमगल्याचे सोंग आणून वाजविण्यापेक्षा हे शतपट प्रामाणिक. आधी स्वतंत्रपणे पत्करायचे आणि पत्करल्यावर इमानाने पाळायचे, याला गुलामी म्हणत नाहीत. आपल्या भाषेत त्याला वसा घेणे म्हणतात. वसा कोणी लादीत नाही. पण एकदा घेतला की उतू नये, मातू नये.

इथवर पाहिले तर हा कज्जा दोन मानी माणसांचा होता, आणि तो मिटलाही. १९३३ च्या जानेवारीत पॅरिसमध्ये विट्गेन्श्टाइनने हा कॉन्चेर्टो वाजविला तेव्हा वृंदसंचालक म्हणून स्वतः राव्हेल उभा होता. ही रचना आपल्या अंगवळणी पडायला वेळ लागला. कित्येक महिन्यांच्या अभ्यासानंतरच तिचे थोरपण आपल्याला कळले, असे पुढे विट्गेन्श्टाइनने मोकळेपणी सांगितले. बदललेले सूर पुन्हा जागेवर आणता येतात. १९३७ साली त्याच्या हक्काची मुदत संपल्यावर जाक फेव्ह्रिये या दोन्ही हात असलेल्या वादकाने डाव्या हाताने तो पॅरिसमध्ये लिहिल्याबरहुकूम वाजविला. त्याच वर्षाच्या अखेरीस राव्हेल वारला.

खरा नैतिक पेच मला पुढे लागतो. हिंडेमिटने १९२३ साली लिहून दिलेली रचना विट्गेन्श्टाइनला रुचली नाही. त्याने ती वाजविली नाही, हा त्याचा अधिकार. पण त्याने ती दुसऱ्या कोणाला वाजवूही दिली नाही. ती त्याच्या कागदपत्रांत पडून राहिली. १९३८ साली नाझींनी ऑस्ट्रिया गिळला. आजे-आजोबांच्या वंशावरून विट्गेन्श्टाइन यहुदी ठरला आणि देश सोडून अमेरिकेत गेला. १९६१ साली तो तेथेच वारला. हिंडेमिट १९६३ मध्ये गेला. हस्तलिखित मात्र बंदच होते.

दुसऱ्या महायुद्धात झीग्फ्रीड राप नावाच्या जर्मन पियानोवादकाचाही उजवा हात गेला. १९५० साली त्याने विट्गेन्श्टाइनकडे त्या रचना वाजविण्याची परवानगी मागितली. जे दुःख जगात क्वचित कोणाच्या वाट्याला येते, तेच वाट्याला आलेला एक माणूस दुसऱ्याच्या दाराशी आला होता. विट्गेन्श्टाइनने नकार दिला. दुसऱ्याने येऊन राहावे म्हणून कोणी घर बांधीत नाही, अशा अर्थाचे त्याचे उत्तर होते. कल्पना माझी, पैसा माझा. मी जाहीर कार्यक्रम करीत असेपर्यंत या रचना माझ्याच.

मला हा नकार समजतो. एका हाताच्या माणसाला जगाने दयेने नव्हे, विस्मयाने ऐकावे, यासाठी त्याने आयुष्य पणाला लावले होते. या रचना म्हणजे त्याचा गमावलेला हातच होता म्हणा ना. आपला हात कोणी उसना देतो का? कलम लावल्यावर पहिली काही वर्षे त्याला कुंपण घालावेच लागते. त्यावर कोणी आक्षेप घेऊ नये. परंतु आंबा मोठा झाला, फळांनी लवला, आणि तरीही कुंपण काढायचे नाही, पिकलेले आंबे झाडाखाली सडू द्यायचे पण वाटसरूला द्यायचे नाहीत, याला काय म्हणावे?

घराची उपमा येथेच फसते. घरात दुसरा राहायला आला की पहिल्याची खोली अडते, भिंती काळवंडतात, चूल वेगळी मांडावी लागते. चाळीत वाढलेल्या माणसाला हे सांगायला नको. सुराचे तसे नाही. रापने तो कॉन्चेर्टो वाजविला असता, म्हणून विट्गेन्श्टाइनच्या पाच बोटांतला एकही सूर उणा झाला नसता. जी वस्तू वाटल्याने कमी होत नाही, ती कुलपात ठेवण्याचे समर्थन पैशाच्या पावतीने होत नाही. सूर बदलणारा वादक कृतीवर अन्याय करतो, पण तिच्याशी त्याचे काही नाते तरी असते. पुष्कळदा ते प्रेमाचेच असते, थोडे धसमुसळे इतकेच. कृतीला कोंडून ठेवणारा मात्र ती कोणासाठी जन्मली हेच नाकारतो. म्हणून राव्हेलच्या तक्रारीपेक्षा रापची तक्रार मला वजनदार वाटते, जरी इतिहासाने पहिलीचाच गाजावाजा केला.

दरवर्षी जून महिन्यात मी नव्या वर्गापुढे उभा राहतो आणि दुसऱ्याची कविता शिकवितो. ती मी लिहिलेली नाही. मुलांच्या कानी मात्र ती प्रथम माझ्याच आवाजात पडते, आणि कित्येकांच्या आयुष्यात तेच तिचे एकमेव वाचन ठरते. त्या चाळीस मिनिटांत माझ्याकडे केवढी सत्ता असते! कवीला जे म्हणायचे नव्हते ते मी त्याच्या तोंडी घालू शकतो. मला न आवडलेले कडवे घाईघाईने उरकू शकतो. आणि परीक्षेला येणार नाही एवढे म्हणून एखादी कविता कायमची पुरून टाकू शकतो. मला कोणी जाब विचारणार नाही. कवी वर्गात नसतो. मुलांना माहीत नसते की आपल्यापासून काय राखून ठेवले गेले. असे असताना मी पुस्तकाबरहुकूम इमानाने वाचतो ते काही शिक्षणखात्याच्या धाकाने नव्हे. समोरच्या बाकावरच्या कोणा मुलासाठी ती कविता थांबलेली असू शकते, आणि तिला त्याच्यापर्यंत पोचविण्याच्या वाटेवर मी उभा आहे. वाटेवर उभे राहणाऱ्याने एक तर हात धरून पुढे न्यावे, नाही तर बाजूला तरी व्हावे. मला न उमगलेली कविता एखाद्या मुलाला उमगते, हे मी पाहिलेले आहे.

तेव्हा माझा निकाल असा. वादक गुलाम नव्हे आणि धनीही नव्हे. तो विश्वस्त आहे. विश्वस्ताला पुष्कळ स्वातंत्र्य असते. ठेव कशी सांभाळायची, कधी उघडायची, कोणत्या उजेडात दाखवायची, हे सारे त्यानेच ठरवायचे. राव्हेलच्या कागदावर काळे ठिपके होते. त्यांत श्वास, वजन, थांबणे, उसळणे हे दर वेळी नव्याने कोणाला तरी ओतावे लागते, आणि हुकमाने ते होत नाही. हे राव्हेलनेही विसरायला नको होते. पण ठेव आपली नाही याचे भान सुटले, की विश्वस्ताचा सावकार व्हायला वेळ लागत नाही.

काळाने आपला निकाल हळूहळू दिला. प्रोकोफिएफचा तो चौथा कॉन्चेर्टो प्रथम वाजला १९५६ साली बर्लिनमध्ये, आणि वाजविणारा होता तोच झीग्फ्रीड राप. प्रोकोफिएफला जाऊन तेव्हा तीन वर्षे झाली होती; आपल्या त्या कृतीचा एकही सूर त्याने वाद्यवृंदासह ऐकला नाही. हिंडेमिटची रचना तर विट्गेन्श्टाइनच्या पत्नीच्या मृत्यूनंतर, २००२ साली, अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनियामधील एका शेतघरात सापडली. २००४ च्या डिसेंबरात बर्लिनमध्ये लिऑन फ्लायशर या अमेरिकन वादकाने ती जगाला प्रथम ऐकविली. ऐन उमेदीत, १९६४ च्या सुमारास, फ्लायशरच्या उजव्या हाताची बोटे आखडत गेली होती आणि त्यानंतरची कित्येक वर्षे त्याने डाव्या हातावर काढली; राव्हेलचा कॉन्चेर्टो हा त्या काळातला त्याचा मोठा आधार होता. विट्गेन्श्टाइनने पैसे मोजून लिहवून घेतलेल्या सुरांनी अशा रीतीने एका अनोळखी माणसाला सावरले.

दुसऱ्याने राहावे म्हणून घर बांधले नाही, असे तो म्हणाला होता. पण ते घर उभे राहिले ते त्याच्याच हट्टामुळे, त्याच्याच पैशामुळे, आणि आज त्यात जे जे येऊन राहतात ते त्याचेच नाव घेतात. त्याच्या कुलपांची आठवण काढायलाही आता फारसे कोणी उरलेले नाही.